जाळीचं कापड

घेणारा बार्शीहून आला, टेम्पो घेऊनच.
तन्वीर बागवान. वय फार तर सत्तावीस.
चपला बाहेर काढल्या, मोरीत हात धुतले,
आणि मगच स्पीकरला हात लावला.
तेवढ्यावरच मी अर्धा हरलो.

गुडघे टेकून त्याने आत टॉर्च मारला,
दोन बोटांनी वूफर हलकेच दाबला,
डॉक्टर तान्ह्याचं पोट दाबतात तसा.
"फोम गेलाय काका. पण आवाज आहे अजून आत."
मग जरा थांबून,
"जाळीचं कापड ओरिजनल नाही.
दोन हजार कमी होतील."

नाहीच ते ओरिजनल.
एकोणऐंशीच्या दिवाळीत
नायनांचा बोनस आणि अम्माच्या दोन पाटल्या
मिळून हे दोघं आले,
अशोक चौकामागच्या या दीड खोलीत.
त्यांच्या मधे आम्हा भावंडांची अंथरुणं,
पाय उंबऱ्याबाहेर.
मूळची जाळी पहिल्याच वर्षी उंदरांनी कुरतडली.
नायना काही बोलले नाहीत.
रात्रपाळीत, मुकादम सुताच्या गठ्ठ्यावर घोरत असताना,
जेकार्डच्या मागावर उरल्यासुरल्या सुतात
त्यांनी हातभर कापड काढलं :
विटकरी रंग, त्यात काळा मोर.
हातभरच. म्हणून मधोमध कापावं लागलं.
डाव्या स्पीकरवर मोराचं डोकं,
उजव्यावर पिसारा.

अम्मा गाणं मिनिटांत मोजत नसे.
तबकडीची एक बाजू म्हणजे चाळीस विड्या.
बाजू उलटायला उठायची ती
डाव्याच्या खांद्यावर हात टेकून.
तिथलं लाकूड अजून तंबाखूचा वास देतं.
तन्वीरने तोही हुंगला. भावात धरला नाही.

आणि नायना,
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान विकून आलेले.
शेवटी शेवटी त्यांना भोंगा ऐकू येत नसे,
दारावरची थाप येत नसे,
अम्माची हाक तर नाहीच
(यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही).
कामावरून आले की डोक्यावर एक तळवा,
पिसाऱ्यावर एक,
असे हात पसरून बसायचे मधे.
तबला कुठे आला, सतार कुठे थबकली,
मनगटाने सांगायचे.
एकदा म्हणाले, "डावा आज दमलाय."
आम्ही हसलो.
सकाळी पाहिलं तर डाव्याची तार सुटलेली.

"का विकताय?" तन्वीरने विचारलं, पैसे मोजून झाल्यावर.
पुण्याला लेकीकडे चाललोय, म्हटलं.
तिथं भिंती पातळ, शेजाऱ्यांची झोप हलकी.
हे खरंच आहे.
बाकीचं मी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

स्क्रूड्रायव्हरने एकेक खिळा उचकटून
त्याने कापड सोडवलं, धूळ झटकली,
"हे ठेवा तुम्ही. मी नवीन लावणार."
गुंडाळायला मी घरातली जाड चादर दिली.
ती परत मागायचं सुचलं नाही.
टेम्पो वळला तेव्हा ऊन चव्वेचाळीसचं होतं
आणि गल्लीत एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

दुपारी पलंगावर दोन्ही तुकडे जोडून पाहिले.
डोकं. पिसारा.
दुमडीत, गंजलेल्या खिळ्यांखाली,
मानेचा बोटभर भाग विरून गेला होता.
कितीही सरकवले तरी मोर लागत नव्हता.

रात्री साडेदहाला फोन.
"काका, पोचलो. लावून बघितलं.
उजवा एकदम मस्त. डावा जरा…"
मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.
"दमला असेल. एवढा प्रवास झाला."
"नाही हो काका, खरंच."
"तार बघ," मी म्हटलं,
"आणि जरा हात ठेवून बस त्याच्यावर."